नियम बराबर लावा

नवीन जालना
२४ जून २०२४

चि. गंधाली,

आशीर्वाद. लातूरच्या हॉस्टेलात मोबाइल चालत नाही हे कळलं तेव्हा वाटलं, आता तरी पोरगी आत्याला पत्र लिहील. कसलं काय! शेवटी मीच बसले लिहायला.

जाताना तू बजावलं होतंस, "आत्या, माझं खेळाचं सामान सांभाळ. रविवारी पोरं आली तर चहा पाज आणि परत पाठव." पोरं आली, चहा झाला, पण परत जाईनात. अपूर्व तुझं ते खेळाच्या नियमांचं जाड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन बसला. बबलू एमआयडीसीतली पाळी संपवून तसाच आला होता, लोखंडाच्या मिलमध्ये काळे झालेले हात धुऊन तोही ठाण मांडून बसला. अपूर्व म्हणाला, "आत्या, तुम्हीच सूत्रधार व्हा. गोष्ट तुम्ही सांगायची. आम्ही आपापल्या पात्रांकडून बोलू, वागू. कुणी धोक्याचं काही केलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं की फसलं ते आकडा सांगेल. नियमांचं मी बघतो."

बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये उगवण चाचणीचे नियम पाळण्यात माझी अख्खी नोकरी गेली. नियमांना मी भीत नाही. पण हे पुस्तक उघडलं आणि घाम फुटला! एक माणूस तयार करायचा तर त्याची ताकद किती, चपळाई किती, धंदा कोणता, कसब कोणतं, खिशात काय, स्वभाव कसा. प्रत्येकाला आकडा, प्रत्येक आकड्यावरून दुसरा आकडा. देवानेसुद्धा एवढा हिशेब करून माणसं घडवली नसतील.

आता खरी गोष्ट. शेजारच्या खोलीत नवी भाडेकरू आलीय, दैवशाला. घनसावंगीकडची. बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. काल आमचा आरडाओरडा ऐकून ती दाराशी आली. "मावशी, मघाधरून ऐकून राह्यले मी. कोणाला मारून राह्यले तुम्ही लोकं?"

बबलू म्हणाला, "राक्षसाला, ताई."

"मंग मला बी घ्या की."

अपूर्वने उत्साहाने तिच्या हातात पात्राचा छापील तक्ता दिला. तोच, बारीक चौकटींनी भरलेला. तिने त्यावरून बोटं फिरवली, उलटा करून पुन्हा फिरवली. म्हणाली, "कागद तर गुळगुळीत आहे. ह्याच्यावर काहीच न्हाई."

तू या खेळातली जाणती. सांग, काय करू?

तुझी,
रजनीआत्या


लातूर
४ जुलै २०२४

प्रिय आत्या,

सॉरी, सॉरी, सॉरी. इथे सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास असतात. बाकी सगळं मस्त आहे. जेवण बरं आहे, मुली छान आहेत, काळजी करू नकोस.

तू सूत्रधार झालीस हे वाचून हसू आवरेना! जमेल तुला.

दैवशालाताईंचं म्हणशील तर फार विचार करू नको. त्यांना तक्ता नकोच देऊ. एखादं सोपं पात्र दे, गावातली बाई वगैरे, जिला लढावं लागत नाही. फासा तूच टाकत जा आणि चांगला आकडा पडला असं सांग. त्यांना मजा आली म्हणजे झालं.

फक्त एक कर. नियमांना हात लावू नकोस. तीन वर्षं घासून मी तो गट उभा केलाय. एकासाठी नियम सैल केले की सगळेच सवलत मागतात, आणि मग खेळ राहत नाही, नुसत्या गप्पा होतात.

तुझी,
गंधाली


नवीन जालना
३० जुलै २०२४

चि. गंधाली,

तुझं पत्र आलं तेव्हा दैवशाला इथेच बसली होती. कुणाचं पत्र म्हणून तिने विचारलं आणि मी वेडीने मोठ्याने वाचून दाखवलं. तुझ्या "सोप्या पात्रा"पर्यंत आले तेव्हा लक्षात आलं, पण जीभ थांबेपर्यंत उशीर झाला होता.

ती रागावली नाही. म्हणाली, "गावातली बाई? ती तर मी हायेच की. त्याच्यासाठी खेळ कशाला पाहिजे?" आणि पुढे, "मावशी, तुमच्या भाचीला लिहा. नियम सैल नको. अपूर्वला जेवढे नियम, तेवढेच मला. एक कमी न्हाई. फक्त ते माझ्या हातात आले पाहिजेत."

हातात आले पाहिजेत! हे वाक्य घेऊन मी दोन दिवस फिरत होते. मग माळ्यावरून माझे जुने बियाण्यांच्या नमुन्याचे डबे काढले. ताकदीला मका, चपळाईला मूग, अकलेला तूर, जिभेच्या धारेला करडई, आणि जीव म्हणून सरकी. सरकी मऊ, लव असलेली, हाताला लगेच कळते. पाच वाट्या मांडल्या. पुस्तकात म्हटलंय ना, एकूण गुण ठरलेले, एकीकडे वाढवले की दुसरीकडे कमी? तेवढेच दाणे मोजून तिच्यापुढे ठेवले. मार लागला की सरकीचे दाणे काढायचे. औषध मिळालं की परत टाकायचे. नियम तोच, अक्षरही बदललं नाही.

पात्र तयार करायला तिला दोन रविवार लागले. करडई वाढवायची तर मका कमी करावा लागतो, ते तिला पटेना. एकेक दाणा उचलायची, परत ठेवायची. बबलू म्हणाला, "ताई, ताकद ठेवा जरा, न्हाई तर पहिल्याच फटक्यात खलास!"

"फटका बसू देईन तर ना," ती म्हणाली आणि मक्याची वाटी जवळजवळ रिकामी केली. अपूर्वने तोवर पुस्तकाची प्रकरणं मराठीत वाचून तिला मोबाइलवर रेकॉर्ड करून दिली. ती ते सगळं दुप्पट वेगाने ऐकते. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, नुसती चिवचिव ऐकू येते. तिच्या पात्राचं नाव झुंबरबाई. धंदा, वाटसरूंना गोड बोलून लुटणं. मी म्हटलं, अगं, बँकेत नोकरी करतेस आणि लुटारू? ती म्हणाली, "दिवसभर 'नमस्कार, काय मदत करू' म्हणते मी. रविवारी तरी चांगली बाई होयाचं न्हाई मला."

मग फाशाचा प्रश्न. आकडा आम्ही वाचून सांगायचो. एकदा वाईट आकडा पडला आणि बबलूने दयेपोटी चांगला सांगितला. तिने आवाजावरून ओळखलं. केवढी चिडली! त्यावर उपाय तिनेच काढला. बबलूने एकसारखे वीस वॉशर आणले. तिने ब्रेलच्या पाटीवर जाड कागदात एक ते वीस आकडे टोचून त्यांवर चिकटवले. सगळे पिशवीत टाकायचे, एक काढायचा, वाचायचा, परत टाकायचा. अपूर्वने मान्य केलं, शक्यता फाशाइतकीच. आणि लगेच हरकतही घेतली, "पण या पिशवीत हात घालून चाचपून मोठा आकडा काढतील!"

दैवशाला खळखळून हसली. "हे तर माझ्या डोक्यातच न्हाई आल्तं!" शेवटी ठरलं, वॉशर दुसऱ्याने काढायचा आणि तिच्या हातात द्यायचा. ती वाचणार आणि आम्ही तिच्यावर विश्वास ठेवणार. अपूर्वला काही तो ठेवता येईना. पुढच्या रविवारी तो ब्रेलचे आकडे शिकून आला, तिची चोरी पकडायला! आता दोघं एकमेकांचे वॉशर तपासत बसतात आणि भांडतात.

तुला हे वाचून आनंद होईल ना?

तुझी,
आत्या


लातूर
८ ऑगस्ट २०२४

आत्या,

वाचलं. छान चाललंय तुमचं.

नियमांना हात लावू नको म्हटलं होतं. फासा गेला, तक्ता गेला, वाट्या आल्या. उद्या माझं पुस्तकही रद्दीत घाला. माझ्याशिवाय सगळं इतकं चांगलं चालत असेल तर मला कळवायची तरी काय गरज आहे?

अभ्यास खूप आहे. लगेच उत्तर लिहायला जमणार नाही.

गंधाली


नवीन जालना
१९ ऑगस्ट २०२४

चि. गंधाली,

तू उत्तर लिहू नकोस, नुसतं वाच.

रागाचा मला राग नाही. पण तुझं अक्षर पाहिलं. पहिल्या पत्रात टपोरं होतं, दुसऱ्यात कागद फाटेल इतकं दाबून लिहिलंयस. "सगळं मस्त आहे" हे तुझं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. ताप असला तरी तू हेच म्हणायचीस. मी कुणाला काही बोललेले नाही, बोलणारही नाही. वाटलं तर मला सांग.

इकडची बातमी अशी की छत्रपती संभाजीनगरच्या काही मुलांनी या खेळाची स्पर्धा ठेवलीय, आणि ती आपल्या जालन्यात, स्टेशनजवळच्या मंगल कार्यालयात, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. चार जणांचा संघ. आधी पात्रं नियमाप्रमाणे बनवली आहेत का ते तपासणार, मग सगळ्या संघांना एकच मोहीम. सूत्रधार त्यांचा. चौघंही शेवटच्या दरवाजातून पार झाले तरच संघ जिंकला.

आपले तिघं आहेत. चौथी जागा तुझी आहे आणि तू तिथे आहेस. अपूर्व म्हणतो, कुणीतरी बाहेरचा घेऊ. दैवशाला म्हणते, "मावशी हायेत की." गोष्ट सांगणं वेगळं गं, पण मी स्वतः दुसरी कुणी होऊन बोलायचं, चारचौघांत, या वयात? भीती वाटते मला.

तुझ्या जागेवर मी बसू का? तू नाही म्हणालीस तर बसणार नाही.

तुझी,
आत्या


लातूर
२ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र उशीखाली ठेवून दोन रात्री काढल्या.

मस्त नाहीये काही. चाचण्यांमध्ये मी खाली खाली चाललेय. खोलीतल्या मुलींशी धड बोलणं नाही, सगळ्या पुस्तकात तोंड घालून बसलेल्या असतात, मीही तशीच. रविवारी दुपारी दोन तास मोकळे मिळतात. तेव्हा मी गच्चीवर जाऊन बसते आणि तुमचं आता काय चाललं असेल ते मनात खेळते. मला वाटायचं, मी नसले तर तिथे सगळं थांबून राहील. ते थांबलं नाही, उलट वाढलं, हे मला सहन झालं नाही. एवढंच होतं गं ते. दैवशालाताईंना सांग, ती गावातली बाई मी परत घेतली.

आणि हो, बस माझ्या जागेवर. बसच.

पात्र बनवताना आकड्यांपासून सुरू करू नकोस, सगळे तिथेच अडकतात. आधी स्वतःला विचार, या माणसाला कशाची हाव आहे आणि तो कशाला घाबरतो. दोन्ही कळलं की आकडे आपोआप जागेवर पडतात. तुझं पात्र तुझ्याच इतकं घाबरट असलं तरी चालेल. नियमांत त्याला कुठेही बंदी नाही.

आता महत्त्वाचं. स्पर्धेतले लोक छापील तक्ता मागतील, वाट्या बघून नाक मुरडतील. तुम्ही सवलत मागायला गेलात तर ते दया दाखवतील किंवा हाकलतील. दोन्ही नको. अपूर्वला सांग, पुस्तकातच शोध. त्या पुस्तकात कुठेतरी उत्तर असणार, मला खात्री आहे. आणि ते शोधायला त्याच्याइतका चिकट माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात नाही.

मी खोलीतल्या बेबीनंदाला आज पहिल्यांदा या खेळाबद्दल सांगितलं. ती अंबडची आहे. म्हणाली, तुझ्या आत्याबाईंचं पत्र आलं की मला पण वाचून दाखव.

तुझी,
गंधाली


नवीन जालना
३० सप्टेंबर २०२४

गंधाली, माझ्या बाळा,

आशीर्वाद-बिशीर्वाद नंतर. काल काय झालं ते आधी ऐक.

सकाळी आम्ही ऑटोने गेलो. वाट्या माझ्या मांडीवर, दाण्यांच्या पुड्या दैवशालाच्या पर्समध्ये. हॉल गच्च. इंजिनिअरिंगची मुलं, दोन-तीन शिक्षक, बघायला आलेले आईबाप. तपासणीच्या टेबलावर एक चष्मेवाला मुलगा होता. त्याने वाट्यांकडे पाहिलं, दैवशालाकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "ताई, तुम्ही प्रेक्षकांत बसा ना, पुढची खुर्ची देतो. छापील तक्ता नसेल तर पात्र धरता येत नाही."

अपूर्वने पुस्तक उघडलं. खूण आधीच घालून ठेवली होती. "पात्राची नोंद कोणत्याही प्रकारे ठेवता येईल, अट एवढीच की टेबलावरच्या दुसऱ्या खेळाडूला ती पडताळता आली पाहिजे. वाचा. छापील हा शब्द दाखवा मला."

मुलगा म्हणाला, "पण हे वॉशर पडताळणार कोण?"

अपूर्वने डोळे मिटले आणि हात पुढे केला. "द्या कोणताही." त्याने दिला. "सतरा." दुसरा दिला. "चार." तिसरा दिला. "नऊ. आता दाणे मोजायचेत का?" त्या मुलाने खरोखरच मोजले, एकूण एक. बेरीज अचूक निघाली. त्याने सही केली. मागच्या टेबलावरच्या दोन पोरांचे तक्ते मात्र चुकीच्या बेरजेमुळे परत आले, आणि ते बघून आपला बबलू इतका खूश झाला की बस.

मोहीम अवघड होती. नदी ओलांडली, पूल पडला, बबलूच्या पैलवानाने आम्हाला पाठीवर घेतलं. माझं पात्र म्हणजे एक वैद्यीण. तिला नवीन झाडपाल्याची हाव आणि आवाजांची भीती. तू सांगितलंस तसंच केलं. पहिलं वाक्य मी नुसतं पुटपुटले. मग कुणीतरी विंचू चावल्याचं सांगितलं आणि मी अशी ओरडले, "सरका बाजूला, मला पाला लावू द्या!" की नंतर थांबलेच नाही.

शेवटी भुयार. पलीकडे दरवाजा, दरवाजात राक्षस. सूत्रधार संभाजीनगरचा, गोड मुलगा. म्हणाला, "मशाल विझली. मिट्ट अंधार. प्रत्येकाच्या आकड्यातून पाच वजा." मग दैवशालाकडे वळून हळूच, "ताई, तुम्हाला वजा नाही. तुम्हाला अंधाराची सवय आहे."

हॉलमध्ये दोन-चार जणांनी कौतुकाने माना हलवल्या. दैवशाला ताठ बसली. "मला हाये. झुंबरबाईला न्हाई. ती डोळस हाये, तिला अंधारात काहीच दिसत न्हाई. माझे पाच कापा."

"अहो, पण..."

"नियम बराबर लावा, दादा. आणि बराबर लावायचा म्हणजे त्या राक्षसाला बी लावायचा. त्याला अंधारात दिसतं असं पुस्तकात कुठं लिहिलंय? मी त्याचं प्रकरण तीनदा ऐकलंय. न्हाई लिहिलेलं."

सूत्रधाराने पान काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग हसायला लागला आणि म्हणाला, "बरोबर आहे. राक्षसाचेही पाच वजा."

समजलं तुला? सूट घेतली असती तर ती एकटी पार झाली असती आणि आम्ही तिघं त्या राक्षसाच्या हाती सापडलो असतो.

राक्षस गरजला, "कोण आहे तिकडे?" दैवशालाने घसा साफ केला आणि तिच्या तोंडून एकदम बँकेतला आवाज आला, लोण्यासारखा. "नमस्कार. आपण महाराजांच्या दरबारात हाक दिली आहे. आपली तक्रार कोणत्या खात्याशी संबंधित आहे?"

सूत्रधार गांगरला. राक्षसाच्या आवाजात म्हणाला, "तक्रार? माझी... काही तक्रार नाही."

"कृपया थांबा, आपल्याला पगार विभागाशी जोडते." मग घोगरा पुरुषी आवाज, "पगार विभाग! नाव सांगा!" मग बारीक किनरा, "साहेब जेवायला गेलेत, आपण रांगेत आहात!" हॉल हसून लोटपोट. शेजारच्या टेबलांनी आपले खेळ थांबवले. मुलं खुर्च्यांवर उभी राहून बघायला लागली. दुसऱ्या संघातल्या मुलीने पिशवीतून वॉशर काढून दिला. दैवशालाने बोट फिरवलं, "बारा." अपूर्वने तपासलं, "बारा." पाच वजा, करडईचे सात अधिक. चौदा. राक्षसाला पाच कापून नऊ. फसला, आणि झुंबरबाई बोलता बोलताच पार झाली!

तो खात्यांच्या रांगेत उभा असताना आम्हाला मागून सरकायचं होतं. त्याला आमची चाहूल लागते का याचा फासा एकदाच पडला, बारा, पाच गेले, सात. प्रत्येकाने त्याहून मोठा आकडा काढायचा. बबलू पार. अपूर्व पार. राहिले मी. माझी वैद्यीण लठ्ठ, धांदरट, चपळाईचा एकच गुण. फासा टाकला. बारा! पाच गेले, सात, एक मिळवला, आठ.

आठला सात, गंधाली! त्या राक्षसाचे पाच कापले नसते तर मी तिथेच संपले होते आणि आपला संघही.

बबलूने टेबलावर अशी थाप मारली की सगळे दाणे उडाले. दैवशालाने माझा दंड पकडला होता, तिची नखं रुतली होती. ती सारखी विचारत होती, "झालो ना पार? चौघं बी?" मी म्हटलं, चौघं. चौघंही! मग ती ओरडली. मी तिच्याहून मोठ्याने ओरडले. इतक्या लोकांत मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. इतर कोणत्याच संघाचे चौघं पार झाले नाहीत. बक्षीस म्हणून एक ढाल दिली आणि ती घेताना तपासणीवाल्या मुलाने दैवशालाला विचारलं, तुमच्या त्या वाट्यांची पद्धत आम्हाला लिहून द्याल का? ती म्हणाली, "रविवारी या. हातानं शिकवते."

ढाल तुझ्या टेबलावर ठेवलीय. गळा बसलाय, म्हणून इतकं लिहू शकले.

तुझी,
आत्या


लातूर
७ ऑक्टोबर २०२४

आत्या! आत्या! आत्या!

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं, मग बेबीनंदाला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं, आणि रात्री जेवणाच्या वेळी बाकावर उभी राहून सगळ्या मेसला वाचून दाखवायला लागली. पगार विभागाचा आवाज तिने इतका हुबेहूब काढला की वाढणाऱ्या मावशी वरणाचा डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

दिवाळीत चार दिवस येतेय. मला सूत्रधार व्हायचं नाही. दैवशालाताईंना विचार, झुंबरबाईच्या टोळीत अगदी नवी, पहिल्या लेव्हलची एक पोरगी चालेल का. दाणे मी तिथे आल्यावर निवडेन. या आठवड्याच्या चाचणीत वर आलेय, फार नाही, पण वर. रविवारचे दोन तास आता आम्ही पाच जणी गच्चीवर असतो.

तर मेसमध्ये "आठला सात" आलं आणि बेबीनंदाने पत्र हवेत फडकवलं. कुणीतरी ताटावर चमचा आपटला, मग दुसरीने, मग सगळ्या मेसने. नुसता गजर! रेक्टर मॅडम चप्पल न घालताच धावत आल्या. "काय झालं? कशाचा गोंधळ आहे हा?"

बेबीनंदा बाकावरून उतरलीसुद्धा नाही. म्हणाली, "मॅडम, जालना जिंकलं."

तुझी,
गंधाली